ओपनरिफाइन: महाबळेश्वर कोरडं दाखवणाऱ्या फाइलवरचा उतारा

जुलैत महाबळेश्वर कोरडं आणि दुष्काळी माण तालुका भिजलेला, असा आलेख वर्गात लावला असता तर पोरांनी मलाच पाचवीत नेऊन बसवलं असतं. मी सातारा जिल्ह्यात भूगोल शिकवते. ११ तालुक्यांच्या ५ वर्षांच्या पावसाची सीएसव्ही फाइल (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि हा चमत्कार झाला. फाइलमध्ये हजारापुढच्या आकड्यांना स्वल्पविराम होता, १,२४५.६ असा. सॉफ्टवेअरने तो मजकूर समजून सोडून दिला. माणचे बिचारे ४०-५० मिलिमीटर सुखरूप पोचले.

मग ओपनरिफाइन घेतलं, म्हणजे अशा गोंधळलेल्या तक्त्यांची साफसफाई करणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, २०१० मध्ये आलं, मधे काही काळ गूगल रिफाइन म्हणून चाललं. सुरू केलं की एक काळी खिडकी उघडते (ती बंद करायची नसते, मी दोनदा केली) आणि काम ब्राउझरमध्ये होतं. फाइल मात्र आपल्याच संगणकावर राहते.

माझ्या फाइलमध्ये महिने आडवे, १२ रकान्यांत होते. आलेखाला हवे उभे: तालुका, वर्ष, महिना, पाऊस. 'ट्रान्सपोज'ने ५५ ओळींच्या ६६० झाल्या. तिथे 'फिल डाउन'ची खूण विसरू नका, नाहीतर तालुक्याचं नाव दर १२ ओळींत एकदाच दिसतं. आधी उभं करा, मगच 'टू नंबर' (मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) द्या, म्हणजे एकाच रकान्यावर भागतं. खरे आकडे हिरवे होतात, स्वल्पविरामवाले काळेच राहतात. चोर लगेच सापडतो; स्वल्पविराम काढून पुन्हा 'टू नंबर' दिलं की तोही हिरवा.

पण मी खरी फिदा झाले ती 'टेक्स्ट फॅसेट'वर, म्हणजे रकान्यातल्या वेगवेगळ्या नावांच्या यादीवर. तालुके ११, यादीत नावं १४! एक 'वाई' शेपटीला मोकळी जागा घेऊन बसलेली. कराड, कऱ्हाड आणि पुन्हा कऱ्हाड. शेवटची दोन डोळ्यांना अगदी सारखी. पण एकात 'ऱ' टाइप केलेला, दुसऱ्यात साधा 'र' आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. यादीतच नाव एकदा दुरुस्त केलं की सगळ्या ओळी सुधारतात.

ओपनरिफाइन आलेख काढत नाही, ते दुसरीकडेच. पण केलेल्या पायऱ्या 'अनडू-रीडू'मधून काढून पुढच्या फाइलला लावता येतात. यंदा तशाच लावल्या, दोन मिनिटांत काम. फक्त या वेळी कुणीतरी 'क-हाड' लिहिलं होतं. ते हातानेच पकडलं.