मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी: वेबसाइटवर लोक नेमके कुठे अडकतात ते दाखवणारं टूल

धंद्याची वेबसाइट आहे, लोक येतात पण फॉर्म अर्धवट सोडून जातात असं होत असेल तर नवीन डिझाइनवर पैसे घालण्याआधी हे लावून बघा. पूर्ण फुकट आहे, ट्रॅफिकची लिमिट नाही, छोटासा कोड साइटमध्ये टाकला की झालं. हीटमॅप (पेजवर लोक कुठे जास्त क्लिक करतात ते रंगांनी दाखवणारं चित्र) ठीकच, पण खरी मजा रेकॉर्डिंगमध्ये आहे, माणूस कुठे स्क्रोल करतो कुठे थांबतो कुठे वैतागतो सगळं व्हिडिओसारखं दिसतं. आमच्या साइटवर एक फोटो अगदी बटणासारखा दिसायचा, लोक त्यावर टकटक टकटक करत बसायचे, काहीच उघडायचं नाही मग जायचे निघून. याला रेज क्लिक म्हणतात आणि फिल्टर लावून फक्त अशीच रेकॉर्डिंग काढता येतात, हे फीचर लय भारी! फोटोला लिंक दिली, विषय संपला.

फॉर्ममध्ये टाइप केलेलं आपोआप झाकलं जातं, तरी साइटवर येणाऱ्यांकडून कुकीची (ब्राउझरमध्ये माहिती साठवणारी छोटी फाइल) परवानगी घ्याच. रेकॉर्डिंग साधारण ३० दिवसच राहतात, त्यामुळे वेळेत बघा. आणि हे टूल नुसतं काय झालं ते दाखवतं, का झालं ते नाही, त्यासाठी दोन-चार ग्राहकांना साइट वापरायला देऊन गुपचूप शेजारी बसावं लागतं (मध्ये बोलायचं नाही, हेच अवघड).

साइटच्या स्पीडसाठी मी पेजस्पीड इनसाइट्स (गूगलचं स्पीड तपासायचं टूल) पण बघते, मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं धरतात.

पाचपैकी साडेचार.