बिडाचा टॉर्टिया प्रेस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मेक्सिकोत मक्याचे टॉर्टिया, म्हणजे तिथल्या पातळ भाकऱ्या, नुसत्या तळहातांवर थापून करणाऱ्या बायका आजही आहेत, त्यामुळे त्यासाठी वेगळे यंत्र खरोखर लागते का, अशी शंका मला होती. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा बिडाचा प्रेस, म्हणजे दोन तबकड्यांमध्ये पिठाचा गोळा दाबून टॉर्टिया करणारे यंत्र, आठ महिने वापरल्यानंतर माझे मत असे आहे की, ज्याचा हात लहानपणापासून थापण्यात तयार झालेला नाही त्याला प्रेस हवाच, आणि तो जड हवा. हलक्या प्रेसमध्ये जो जोर मनगटातून काढावा लागतो, तो येथे वरच्या तबकडीचे वजन आणि दांड्याची तरफ मिळून लावतात. ३० ग्रॅमचा गोळा एका दाबात सुमारे १५ सेंटिमीटर पसरतो.

मात्र या प्रेसमध्ये एक दोष आहे आणि तो किरकोळ नाही. बिजागरीची खीळ सैल असल्यामुळे तबकड्या समांतर मिटत नाहीत, आणि टॉर्टिया बिजागरीकडे पातळ, तर दांड्याकडे जाड होतो. तव्यावर पातळ कड कडक होते तोवर जाड बाजू कच्चीच असते. पहिल्या हलक्या दाबानंतर टॉर्टिया त्याच्या खालच्या-वरच्या प्लास्टिकसकट अर्धा फिरवून पुन्हा दाबला की जाडी बरीच सारखी होते, पण हा उपाय माझा आहे. बनवणाऱ्याने खीळ नीट बसवली असती तर त्याची गरज पडली नसती.

प्रेसला दोष देण्यापूर्वी पीठ मात्र तपासावे. येथे मासा हरिनाच लागते, म्हणजे मका विरवलेल्या चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, धुऊन, दळून वाळवलेले पीठ. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते, पीठ एकजीव होते आणि मक्यातले नायसिन (ब३ जीवनसत्त्व) शरीराला मिळू शकते. साध्या मक्याच्या पिठाचा गोळा या प्रेसमध्ये दाबला की त्याला तडे जातात. कोमट पाण्यात मळून २०-३० मिनिटे झाकून ठेवलेल्या पिठाचा गोळा अंगठ्याने दाबून पाहावा: कडेला चिरा पडल्या तर पाणी कमी, बोटाला चिकटला तर जास्त. जाड प्लास्टिकच्या पिशवीचे दोन तुकडे कापून त्यांच्यामध्ये गोळा ठेवावा. मेणकागदाने माझे बरेच टॉर्टिया फाटले. दाबून झाल्यावर टॉर्टिया तळहातावर घेऊन त्यावरून प्लास्टिक अलगद सोलावे, प्लास्टिकवरून टॉर्टिया ओढू नये.

चांगल्या तापलेल्या तव्यावर, ज्याला मेक्सिकोत कोमाल म्हणतात, पहिली बाजू २० सेकंदांत उलटावी, दुसरी मिनिटभर भाजावी आणि पुन्हा पलटून बोटांनी हलकेच दाबावे. त्या क्षणी मधोमध वाफ धरून टॉर्टिया फुगतो, आणि मक्याचा जो भाजका, किंचित चुन्याचा वास सुटतो, तो पाकिटातल्या टॉर्टियाला मी कधीच अनुभवला नाही. उतरवलेले टॉर्टिया फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे ठेवावेत. आपल्याच वाफेवर ते मऊ पडतात.

गव्हाच्या टॉर्टियासाठी हा प्रेस घेऊ नये, कारण त्या पिठातले ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे चिवट प्रथिन, दाब सुटताच आक्रसते. ज्यांना मक्याचेच करायचे आहेत त्यांनी जरूर घ्यावा, पण शक्य असल्यास दुकानातच प्रेस मिटून तबकड्यांमधली फट चहूबाजूंनी डोळ्यांसमोर धरून पाहावी. घरी आणल्यावर तो पाण्यात भिजत ठेवू नये. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा आणि तेलाचा हात फिरवावा. माझ्याकडून हे एकदाच राहिले आणि सकाळी खालच्या तबकडीवर तांबूस गंज चढलेला होता.