केस छापून द्यावी, उलगडत न्यावी की रुग्णच समोर बसवावा?

माझी एक जुनी विद्यार्थिनी नांदेडकडे फिजिओथेरपी शिकवायला लागली आहे. परवा तिचा फोन आला: "सर, कंबरदुखीचं डिफरन्शियल तिसऱ्या वर्षाला केसवरून शिकवायचंय. पण केस द्यायची कशी?" एका तक्रारीमागे काय काय असू शकतं आणि त्यातून एक नाव वेगळं कसं काढायचं, एवढाच हा विषय, पण शिकवताना घाम फुटतो. अमेरिकेत कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्याकडे, रुग्ण मधे डॉक्टरची चिठ्ठी नसताना थेट येतो, म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांकडून हे घोटून घ्यावं लागतं. आपल्याकडे ती पाळी फिजिओथेरपिस्टवर येते, अन् त्याच्याही आधी गावच्या हाडवैद्यावर.

छापील केस सगळ्यात सोपी. हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने १९०० साली वैद्यकात केसवरून शिकवण्याची कल्पना मांडली, तीही अशा छापील केसच्या आधारानेच. दोन तासांत चार केस होतात आणि साठ पोरांचा वर्गही सांभाळता येतो. पण तिच्यात लक्षणं निवडून, धुऊन-पुसून ठेवलेली असतात. कागदावर जे आहे ते कामाचंच असणार, हे पोरांना बरोबर कळतं. मी तर एकदा 'गादी सरकल्याची केस' असं शीर्षक देऊनच वाटली होती! गादीचं लेक्चर झालं त्याच आठवड्यात केस दिली तरी तेच होतं.

उलगडत जाणारी केस मला जास्त पटते. पहिला कागद: धारूरकडची ३८ वर्षांची ऊसतोड कामगार, दोन महिने कंबर दुखतेय. वर्ग एकमुखाने म्हणतो, मोळ्या उचलून स्नायू ताणला. इथं प्रत्येकाकडून तीन शक्यता पेनने लिहून घ्यायच्या, खाडाखोड चालेल पण पान फाडायचं नाही. दुसरा कागद: रात्री दुखणं वाढतं, पडून आराम नाही, संध्याकाळी अंग कसकसतं. आता मणक्याचा क्षय वर येतो. तिसरा: घरच्या शेळीने गाभ टाकला होता, ते सगळं हिनेच हातांनी काढलं. वर्ग गप्प. ब्रुसेलोसिस, हा जनावरांकडून माणसाला होणारा संसर्ग, पुस्तकात वाचलेला असतो, पण शेळीशी कुणी जोडलेला नसतो. चौथा: तिशीतच गर्भपिशवी काढलेली, अंडाशयांसकट. म्हणजे ठिसूळ होऊन दबलेला मणकाही यादीत आला. यातलं काहीही असलं तर तपासण्या होईपर्यंत त्या पाठीवर जोर देऊन 'कट्' आवाज काढायचा नाही, हे तेव्हा सांगावं लागत नाही.

शेवटचा, रिपोर्टचा कागद दरवर्षी बदलावा, नाहीतर वरच्या वर्गाची पोरं उत्तर फोडतात. तोटा वेळेचा: एका केसला दोन तास जातात, आणि कागद तयार करायला रविवार.

तिला म्हटलं, तू नांदेडला आहेस तर किनवटकडची एक केस नक्की कर. पाण्यातल्या फ्लोराइडने पाठ काठीसारखी ताठ झालेला पन्नाशीचा माणूस पाहिला की पोरं बिनदिक्कत अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणके ताठ करणारा संधिवात, लिहितात. गाव आणि पाणी विचारायचं कुणाला सुचत नाही.

राहिला खरा रुग्ण. तो 'वेदना हळूहळू सुरू झाल्या' असं म्हणत नाही, 'उसण भरली' म्हणतो, आणि मागच्या महिन्यातलं पडणं शेवटी, दारातून वळून सांगतो. वजन कमी झालं का विचारलं तर बाई म्हणतात, "काटा कुठंय घरी?" बांगड्या सैल झाल्यात का, जंपर ढगळ होतंय का, असं विचारलं की उत्तर येतं. लघवी अडते का आणि धुताना हात लागलेला कळतो का, हे तर विद्यार्थ्याने एकदा तरी खऱ्या माणसाला, पडद्याआड, विचारलेलं असावं. कण्याच्या खालच्या टोकाचा मज्जातंतूंचा झुपका दाबला गेल्याची खूण त्यातच सापडते आणि तिथं तास मोजावे लागतात. पण हवी ती केस हव्या त्या दिवशी येत नाही. शिवाय रोज बुडवून आलेल्या माणसाभोवती बाराजणांचं कोंडाळं मला बघवत नाही. तिघांच्या वर नेऊ नये.

तिसऱ्या वर्षाला उलगडती केस, इंटर्नशिपला ओपीडी, आणि छापील केस परीक्षेच्या महिन्यात सरावाला, असं मी तिला सांगितलं. रविवार मिळत नसेल तर चार कागदांची एकच केस कर. पण ओपीडीत पोरांना नेशील तेव्हा त्यांच्या याद्या आधी स्वतःकडे घे, कारण रुग्ण बोलायला लागला की पोरं हळूच पहिलं नाव खोडून नवं लिहितात.