दोनदा जाम झालेलं माझं ०७० आणि उद्यमनगरातले मिस्त्री

आजऱ्याजवळची आमची लाकडाची वखार बंद झाली तेव्हा मोटर, बेल्ट, आडवी करवत सगळं विकलं. वडिलांचं स्टिल कंपनीचं ०७० चेनसॉ (इंजिनवरची लाकूडकापी करवत) तेवढं मी विकू दिलं नाही. १०६ सीसीचं इंजिन, बार (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) आणि चेन सोडून वजन दहा किलोच्या वर. स्टिलनं १९५९ साली कॉन्ट्रा नावाचं मॉडेल आणलं. मधला गिअरबॉक्स नाही, क्रँकवरच्या क्लचवरून थेट चेन फिरते. ०७० त्याच घराण्यातलं. वडिलांनी दोरी ओढली की वरच्या आळीत कळायचं वखार उघडली म्हणून. त्यानंतर भंगारातून आणि जुन्या वखारींतून आणखी चार मशिनं जमवलीत, पण जीव या एकात.

हे मशीन दोन वर्षांत दोनदा जाम झालं. दोन्ही वेळा एका मेकॅनिकनं नवा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या, पैसे घेतले आणि दोष पेट्रोलवर ढकलला. दुसऱ्या खेपेला पावसात पडलेल्या फणसाचे दोनच ओंडके कापून झाले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग ओळखीतून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या मिस्त्रींकडे गेलो. लेथच्या दुकानांच्या ओळीत आत, पाटी नाही. पोटापाण्याचं काम फवारणी पंप आणि गवत कापायच्या मशिनांचं. मागच्या फळीवर मात्र जुने चेनसॉ ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. मी सरळ पिस्टनचं विचारलं. ते म्हणाले, "पावणं, आधी हवा कुठनं जातीया ते बगू. पिस्टनचं मग बोलू."

पुढचा अर्धा तास मी स्टुलावर बसून बघत होतो. त्यांनी सायलेन्सर काढून पिस्टन दाखवला: एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. मग फ्लायव्हील आणि क्लच उतरवला, कार्बोरेटरची आणि एक्झॉस्टची तोंडं रबर लावून पट्टीनं आवळली, पिस्टन खाली नेला आणि प्लगच्या भोकातून हातपंपानं अर्धा बार दाबाची हवा भरली. पंपाचा काटा हळूहळू उतरायला लागला. ब्रशनं साबणाचं पाणी लावत गेले. सिलिंडरच्या बुडाशी काही नाही, क्लचकडे काही नाही. फ्लायव्हीलकडच्या क्रँक सीलवर (क्रँकभोवती हवा अडवणारी रबरी कडी) बारीक बुडबुडे यायला लागले, एकामागून एक. दोन वर्षांचं माझं दुखणं त्या बुडबुड्यांत होतं.

टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. सीलमधून फुकटची हवा आत शिरली की त्या मानानं पेट्रोल कमी पडतं, म्हणजे ऑइलही कमी, आणि इंजिन तापून पिस्टन धरतो. सील वयानं कडक झालं होतं. ते तसंच ठेवून दहा पिस्टन बदलले असते तरी दहाही गेले असते.

दोन्ही बाजूंची सीलं बदलली. सिलिंडरला चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम आम्लाचा बोळा अगदी जपून फिरवून काढलं. खालचं क्रोम शाबूत होतं म्हणून सिलिंडर वाचला. ५८ मिमीचा पिस्टन नवा, कार्बोरेटरचे पडदे नवे. जोडल्यावर पुन्हा हवा भरून तपासलं आणि या वेळी पंपानं आतली हवा उलटी बाहेर ओढूनही, कारण काही सीलं दाब धरतात पण ओढ लागली की सोडतात. रंगाला मी हात लावू दिला नाही. मागच्या हँडलवर वडिलांच्या हातानं झिजलेली जागा आहे.

बिल झालं ६,८०० रुपये, जुने भाग पिशवीत घालून परत. कार्बोरेटर लावताना मिस्त्री इंजिनच्या फेऱ्यांचा मीटर बघत नाहीत, कान देतात. मोकळ्या फुल रेसला आवाज थोडा फडफडला पाहिजे आणि लाकडात घातल्यावर तो स्वच्छ झाला पाहिजे. साध्या टू-स्ट्रोक ऑइलला एक लिटर पेट्रोलला ४० मिली, हे प्रमाण त्यांनी टाकीवर खडूनं लिहून दिलं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. चेनला ५.५ मिमीची गोल कानस कशी धरायची तेही माझ्या हातात देऊन करवून घेतलं.

उणं एवढंच की वेळ लागतो. मला पाच आठवडे लागले, फोन फारसा उचलत नाहीत, आणि ऊस-भाताच्या फवारणीच्या दिवसांत जुन्या मशिनाचा नंबर मागे जातो. भागांचे पैसे आधी द्यावे लागतात. पण भाग आणताना नकली आणि असली शेजारी ठेवून दाखवतात. ०७० च्या नकला बाजारात खंडीभर आहेत, म्हणून मला हे फार मोलाचं वाटलं.

एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, मीही सांगतो: या मशिनाला चेन ब्रेक, म्हणजे झटका बसला की चेन थांबवणारा ब्रेक, नाही. बारचं टोक लाकडात खुपसायचं नाही, आणि नवख्याच्या हातात द्यायचं नाही.

गेल्या रविवारी वाड्यात पडलेला आंब्याचा बुंधा कापला. आई ओसरीवर बसली होती. मशीन लागलं तशी ती उठून दाराशी आली, आणि बुंधा संपेपर्यंत तिथंच उभी राहिली.