आगार शाखेची निवडणूक फोनवर घ्यावी का?

कामगार संघटनांची निवडणूक मोबाइलवर घेऊन देणाऱ्या सेवा आता मिळतात. यादीत सभासदाचं नाव, बिल्ला नंबर आणि फोन नंबर भरायचा. मतदाराला लिंक जाते, ओटीपी टाकला की उमेदवार दिसतात, बटण दाबलं की मत गेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एसटी आगारांना ही सेवा अर्धीच मानवते.

तिचा खरा गुण दिसतो तो वस्तीच्या गाडीवर. दुपारी गाडी घेऊन गेलेले चालक-वाहक दुसऱ्या दिवशी सकाळी परततात, बोरिवलीला गेलेले त्याहून उशिरा. मतदान एकाच दिवशी ठेवलं की हीच माणसं गळतात. कार्यशाळा आणि कार्यालय मात्र पूर्ण मत देतं, आणि निकाल तिकडे झुकतो. फोनवर हा अन्याय होत नाही. पण मतदान किमान 72 तास खुलं हवं, कारण घाटात आणि खाडीपलीकडच्या वस्तीच्या गावांत रेंज मिळेलच असं नाही. ओटीपी उशिरा पोचतो, तोवर त्याची मुदत संपलेली असते. मुदत दहा मिनिटांची करून मिळते का, हे सेवा घेण्याआधी विचारावं.

यादीत घोळ हमखास होतो. कुणाचा नंबर मुलाच्या नावावर, कुठे दोन सभासदांचा एकच नंबर, कुणी सिम बदललेलं. यादी वर्गणीच्या पावत्यांवरून करावी, तिची शेवटची तारीख आधीच जाहीर करावी आणि मतदानाच्या पंधरा दिवस आधी ती सूचना फलकावर लावावी. हरकतींना सात दिवस द्यावेत. फलकावर फोन नंबर लावू नयेत, नाव आणि बिल्ला नंबर पुरे.

सेवा सर्वांत कमी पडते ती गुप्ततेत. विश्रांतीगृहात कुणी शेजारी बसून “दाब बघू” म्हणालं, तर ओटीपी काही वाचवत नाही. यावर एकच उपाय आहे: मतदाराला पुन्हा मत देता यावं आणि शेवटचं मतच मोजलं जावं. ही सोय नसेल तर सेवा नाकारावी. मतदान चालू असताना कुणाला किती मतं पडली, हे निवडणूक अधिकाऱ्यालाही दिसता कामा नये. दहा खोट्या मतदारांची चाचणी घेऊन ते तपासता येतं.

त्याआधी नियमावली उघडावी. पदाधिकारी कसे निवडायचे, हे संघटनेची नोंदलेली नियमावली ठरवते. तिथे मतपत्रिका लिहिलेली असेल आणि निवडणूक फोनवर घेतली, तर हरलेल्या उमेदवाराच्या हातात आयतं कारण पडतं. आधी नियमात दुरुस्ती करावी.

शंभर-दीडशे मतदारांच्या आगाराला आमचं मत अजूनही पेटीलाच. तीन दिवस सलग, पहिली गाडी सुटण्याआधीपासून शेवटची परतेपर्यंत. रेल्वेतलं कामगार संघटनांच्या मान्यतेचं गुप्त मतदानही 2024 साली 4 ते 6 डिसेंबर असं तीन दिवस चाललं. क्रमांक स्थळप्रतीवरच (मतपत्रिका फाडून दिल्यावर पुस्तकात उरणाऱ्या तुकड्यावर) छापावा, मतपत्रिकेवर नको, कारण एवढ्या छोट्या आगारात क्रमांकावरून माणूस सापडतो. मतपत्रिकेच्या मागे निवडणूक अधिकाऱ्याची सही पुरते. रात्री पेटीची फट बंद करून क्रमांकाचं प्लास्टिक सील लावावं आणि तो क्रमांक उमेदवारांच्या प्रतिनिधींनी लिहून घ्यावा. डिंकाने चिकटवलेला कागद कोकणच्या दमट हवेत आपोआप सुटतो आणि नसता संशय उभा राहतो. शिक्क्याची शाईही ओलसर कागदावर फुटते, घडी घातली की दुसऱ्या नावावर उमटते. बॉलपेनची फुली बरी.

हिशेब वेबिलासारखा, म्हणजे वाहकाच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदासारखा: छापलेल्या मतपत्रिका म्हणजे दिलेल्या, खराब झालेल्या आणि उरलेल्या यांची बेरीज. पेटीत दिलेल्यांपेक्षा एखादी कमी निघू शकते, जास्त निघाली तर मोजणी तिथेच थांबवावी. असा जुळता कागद फोनवाली सेवा देत नाही. ती देते नुसता आकडा, आणि त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

विभागाची निवडणूक असेल, मतदार अनेक आगारांत विखुरलेले असतील, तर मात्र फोन घ्यावा, वर सांगितलेल्या अटींवर. तारीख कोणतीही धरा, गणपती आणि शिमगा सोडून. जादा गाड्यांच्या दिवसांत ना प्रतिनिधी मोकळा असतो, ना मतदार.