नेपाळ की भूतान: सुट्टी कधीची आणि सोबत कोण?

या दोन्ही देशांत भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून घरात बेत सुरू झाला की त्यांची नावं एका दमात घेतली जातात. प्रवास म्हणून मात्र दोघांत फार फरक आहे. ‘जास्त सुंदर कोणतं’ यावर वाद घालू नका. सुट्टी कोणत्या महिन्यात आहे आणि सोबत कोण येतंय, एवढं पक्कं करा; निम्मा निर्णय तिथेच होतो.

आधी पैशाचं बोलू. भूतान भारतीय पर्यटकांकडून माणशी, दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क घेतं. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. आईवडील आणि 8 व 11 वर्षांची दोन मुलं 6 रात्री राहिली, तर नुसत्या शुल्काचे 21,600 रुपये होतात. हॉटेल, गाडी, जेवण त्यावर. नेपाळमध्ये असं रोजचं शुल्क नाही. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना भारतीयांना 1,000 नेपाळी रुपयांना मिळतो, म्हणजे आपले 625. तरीही भूतानचं शुल्क मला अन्यायाचं वाटत नाही. देशाचा किमान 60 टक्के भाग जंगलाखाली राहिला पाहिजे, असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय, आणि तिथल्या दऱ्यांतून फिरताना ते डोळ्यांना दिसतं. पण खर्चाचा अंदाज बांधताना हा आकडा सर्वांत आधी मांडा.

आता सुट्टी. हिमशिखरं पाहायची असतील तर नेपाळच. 8,000 मीटरवरच्या जगातल्या 14 शिखरांपैकी 8 नेपाळमध्ये किंवा त्याच्या सीमेवर आहेत. मात्र मे महिन्यात तिथली हवा बऱ्याचदा धुरकट असते आणि दुपारनंतर ढग भरून येतात. पोखऱ्यात मुक्काम करूनही माछापुच्छ्रे शिखर दिसलं नाही, असं सहज होतं. त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर ध्यानात ठेवा: आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत तिथे दसैं हा सण असतो. लोक गावी निघतात, बसगाड्या भरून वाहतात, कचेऱ्या बंद असतात. ते दिवस टाळून पुढे तिहारच्या, म्हणजे तिथल्या दिवाळीच्या सुमारास जा, पण आरक्षण लवकर करा.

मेचीच सुट्टी मिळत असेल तर मी भूतान सुचवेन. तिथली सहल शिखरांवर अवलंबून नाही. नद्यांच्या संगमावरचा पुनाखाचा झोंग (किल्ल्यासारखा मठ), पारोच्या कड्यावरचा ताकत्सांग मठ, थिंफूचा बाजार ढगाळ हवेतही पाहता येतात. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्हीकडे जाऊ नका. नेपाळच्या रस्त्यांवर दरडींचा धोका खरा असतो.

घरातली ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर इथे जरा थांबा. आपल्याकडच्या अनेकांना नेपाळ म्हणजे पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ. मुक्तिनाथ सुमारे 3,700 मीटरवर आहे आणि पोखरा साधारण 800 मीटरवर. वेळ वाचवायचा म्हणून एका दिवसात वर नेऊन दर्शन उरकण्याचे बेत आखले जातात. ते मला अजिबात पटत नाहीत; एकदम एवढं वर गेलं की विरळ हवा बाधते. वाटेत जोमसोम किंवा मार्फाला, म्हणजे सुमारे 2,700 मीटरवर, निदान एक मुक्काम करा. दोन झाले तर उत्तम. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर 108 धारांखालचं स्नान राहू द्या आणि खाली उतरा. पोखरा-जोमसोम विमानं वाऱ्यामुळे सकाळीच उडतात आणि हवा बिघडली की रद्द होतात, म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक मोकळा दिवस हवाच.

भूतानमध्ये हा ताण कमी. थिंफू आणि पारो 2,200-2,300 मीटरच्या आसपास, पुनाखा त्याहून खाली. ताकत्सांगची चढण मात्र दमवते. घोडा अर्ध्या वाटेपर्यंतच जातो, पुढच्या पायऱ्या पायीच. ज्यांना जमणार नाही त्यांनी खालूनच पाहावं.

पोहोचायला काठमांडू सोपं. भूतानसाठी स्वस्त वाट म्हणजे बागडोगऱ्याला उतरून गाडीने जयगाव, आणि सीमा ओलांडली की फुंत्शोलिंग. तिथून थिंफूपर्यंत घाटाचे पाचसहा तास. शाकाहाऱ्यांचे हाल कुठेच होत नाहीत, पण भूतानमध्ये मिरची हीच भाजी असते. मुलांसाठी आधी सांगून ठेवा.

कागदपत्रांत सर्वाधिक गफलत होते. भूतानसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला घ्या. नेपाळलाही 15 ते 65 वयाच्यांना या दोनपैकीच एक पुरावा लागतो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिकिटावर ओळखपत्रावरचंच नाव टाका.