बीपीचं मशीन चांगलंय, पण घ्यायच्या आधी दंडाचा घेर मोजा

बाबांसाठी दंडाला लावायचं डिजिटल बीपी मशीन घेतलं त्याला तीन महिने झाले, रोज वापरून राहिलो म्हणून आता लिहितो. मशीनला चार स्टार, एक कापला तो पट्ट्यासाठी.

पहिले पंधरा दिवस घरात नुसतं टेन्शन. सकाळी 158/96, संध्याकाळी त्याच्याही वर, बाबा म्हणे मशीनच खराब आहे, आई म्हणे उद्यापासून लोणचं बंद. शेवटी मशीन पिशवीत घालून धंतोलीत आमच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी बीपी बघायच्या आधी टेप काढून बाबांचा दंड मोजला, 36 सेंटीमीटर! आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं 22-32. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आतली धमनी दाबायला जास्त प्रेशर लागते आणि आकडा उगाच वाढून येतो. मोठा पट्टा लावून त्याच खुर्चीत मोजलं तर 142/88. दुकानात विकताना एकानंही विचारलं नव्हतं की दंड केवढा आहे, याचा खरंच राग आला.

मग त्यांनी स्टेथोस्कोप लावून पण मोजलं, मलाही ऐकवलं. पट्टा फुगला की रक्त थांबते, सगळं शांत, मग हवा हळूहळू सोडली की एकदम ठक ठक सुरू होते तो वरचा आकडा आणि आवाज बंद पडला की खालचा. कोरोटकॉफ नावाच्या रशियन डॉक्टरनं 1905 मध्ये सांगितलेली ही पद्धत. आपलं डिजिटल मशीन मात्र आवाज ऐकत नाही, पट्ट्यातल्या हवेची थरथर पकडून हिशोब लावते, म्हणून मोजताना बोललं किंवा हात हलवला की गडबड होते, आणि ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावर भरवसा ठेवा.

आता बाबा आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसतात, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, बाही वर. तर्री पोहे अन् चहा झाल्यावर लगेच तर मोजूच देत नाही मी, अर्धा तास थांबवतो. दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत.

मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागला, कंपनीनं खोक्यातच दोन साइझ द्यायला पाहिजे. बाकी स्क्रीनवरचे आकडे मोठे आहेत, बाबांना चष्म्याशिवाय दिसतात. नळी थोडी आखूड आहे, मशीन जवळ ओढून घ्यावं लागते.